युनिव्हर्सल रिमोट: नक्कल करणारा आणि भाषा जाणणारा

युनिव्हर्सल रिमोटने टीव्ही चालू होतो, आवाज वरखाली होतो, पण ११ नंबरचा चॅनल काही लागत नाही. १ दाबून पुन्हा १ दाबला तरी पडद्यावर एकच १ उमटतो आणि टीव्ही पहिल्या चॅनलवर जातो. रिमोट बदलून आणला तरी तेच. मग दोष बटणाच्या रबरात शोधला जातो. खरे कारण वेगळे असते: मूळ रिमोट जे बोलत होता त्यातले नेमके काय या नव्या रिमोटने उचलले? हे एकदा समजले की रिमोट निवडणे, स्वतः प्रोग्राम करणे आणि बिघाड ओळखणे ही तिन्ही कामे बरीच सोपी होतात.

हवेतून काय जाते

रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड एलईडी असते. बहुतेक वेळा तिचा प्रकाश ९४० नॅनोमीटरचा असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले तर मात्र फिकट जांभळी चमक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे तिथे काही दिसले नाही म्हणून रिमोट मेला असे ठरवू नये.

ही एलईडी नुसती पेटत नाही. बटण दाबले की ती सेकंदाला साधारण ३८,००० वेळा उघडझाप करते. ऊन, बल्ब, तापलेल्या वस्तू यांच्यातूनही इन्फ्रारेड येतच असते. टीव्हीतला रिसीव्हर फक्त या वेगाने लुकलुकणारा प्रकाश उचलतो, बाकीचा सोडून देतो. त्या लुकलुकीचे छोटे झोत आणि मधले खंड यांच्या लांबीत सगळा मजकूर भरलेला असतो. तो कसा भरायचा याच्या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. घरात भेटणाऱ्या उपकरणांत तीन पद्धती समजून घेतल्या तरी बरेच भागते.

पहिली एनईसी या जपानी कंपनीची. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांचा खंड, त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे ३२ आकडे. प्रत्येक बिटाचा झोत सारखाच, सुमारे ०.५६ मिलिसेकंदांचा. पुढचा खंडही ०.५६ असेल तर तो शून्य, १.६९ असेल तर एक. पहिले ८ बिट उपकरणाचा पत्ता, पुढचे ८ त्याच पत्त्याचे उलट रूप (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य), मग ८ बिटांची कमांड आणि शेवटी तिचे उलट रूप. उलट रूप जुळले नाही तर टीव्ही तो संदेश टाकून देतो. नंतर पत्ते कमी पडू लागल्यावर अनेक कंपन्यांनी पत्त्याचे उलट रूप सोडून १६ बिटांचा पत्ता वापरायला सुरुवात केली. बटण दाबून ठेवले तर पूर्ण संदेश एकदाच जातो. पुढे दर १०८ मिलिसेकंदांनी एक छोटी खूण जाते: ९ मिलिसेकंदांचा झोत, २.२५ चा खंड आणि एक टिचकी. तिचा अर्थ ‘तेच बटण अजून दाबलेले आहे’ एवढाच.

चवथीला मखराभोवती लावतात त्या स्वस्त रंगीत एलईडी पट्ट्यांचे रिमोट याच पद्धतीचे असतात. २४ बटणांच्या अशा बहुतेक रिमोटांचा पत्ता एकच असतो. म्हणून दोन पट्ट्या शेजारी लावल्या की एकाच रिमोटने दोन्ही रंग बदलतात. यावर युनिव्हर्सल रिमोट आणून उपयोग नाही. एका पट्टीच्या कंट्रोलरचा रिसीव्हर काळ्या चिकटपट्टीने झाकावा, किंवा दुसरी पट्टी ४४ बटणांच्या रिमोटची घ्यावी, कारण त्याचा पत्ता सहसा वेगळा असतो.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. एनईसीत प्रत्येक बाइटचा, म्हणजे ८ बिटांच्या गटाचा, सर्वांत लहान किमतीचा बिट आधी जातो. काही सॉफ्टवेअर बिट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहून दाखवते, काही ते सुलटवून दाखवते. त्या २४ बटणी रिमोटचे ‘चालू’ बटण एका ठिकाणी ००एफ७सी०३एफ असे दिसेल, तर दुसऱ्या ठिकाणी पत्ता ईएफ००, कमांड ०३ असे. दोन्ही एकाच बटणाचे आहेत. इंटरनेटवरून उचललेला कोड चालत नसेल तर आधी हा क्रम तपासा.

दुसरी पद्धत फिलिप्सची आरसी-५. इथे लुकलुक ३६ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ३६,००० वेळा, आणि संदेश १४ बिटांचा: पत्त्याला ५, कमांडला ६. उरलेल्या तीनपैकी एक बिट फार महत्त्वाचा आहे, त्याला टॉगल बिट म्हणतात. बटण सोडून पुन्हा दाबले की हा बिट उलटतो. टीव्हीला त्यावरूनच कळते की बोट बटणावर दाबून धरले आहे की दुसऱ्यांदा दाबले. ११ नंबरच्या चॅनलचे कोडे इथे सुटते. शिकणाऱ्या रिमोटने १ चे बटण शिकताना टॉगल बिट ज्या स्थितीत होता त्या स्थितीतच गोठवला. आता तो कितीही वेळा दाबला तरी टीव्हीला वाटते, बोट अजून उचललेलेच नाही.

तिसरी सोनीची. ४० किलोहर्ट्झ, २.४ मिलिसेकंदांचा पहिला झोत, मग १२, १५ किंवा २० बिट. इथे खंड सारखे आणि झोतांची लांबी बदलती: ०.६ म्हणजे शून्य, १.२ म्हणजे एक. एका दाबण्यात संदेश किमान तीनदा जावा असा नियम आहे. एकदाच पाठवणारा रिमोट कोड अगदी बरोबर पाठवत असला तरी टीव्ही ढिम्म राहतो.

बाजारातले रिमोट

पहिला प्रकार एका मॉडेलसाठी बनवलेल्या डुप्लिकेट रिमोटचा. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. तो युनिव्हर्सल नसतो, पण एकच उपकरण असेल तर तोच घ्यावा. कमी पैशांत सगळी बटणे बरोबर चालतात.

दुसरा कोडयादीचा. त्याच्या स्मृतीत अनेक कंपन्यांचे प्रोटोकॉल आणि पत्ते आधीच भरलेले असतात. आपण फक्त कोणता संच वापरायचा ते सांगतो. हा रिमोट उपकरणाची भाषा जाणतो, त्यामुळे टॉगल, पुनरावृत्ती, तीनदा पाठवणे हे सगळे आपोआप नीट होते. आपोआप शोध लावताना मात्र एक चूक सर्रास होते. पॉवरचे बटण चालले की कोड सापडला असे समजून लोक थांबतात. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांच्या टीव्हींत पॉवर आणि आवाजाचे कोड सारखे, पण मेन्यू, सोर्स आणि बाणांचे वेगळे असू शकतात. म्हणून पॉवर चालल्यावर लगेच मेन्यू, चारही बाण, ओके आणि बॅक तपासावे. चालले नाही तर त्याच कंपनीचा यादीतला पुढचा कोड घ्यावा.

तिसरा शिकणारा, म्हणजे लर्निंग रिमोट. मूळ रिमोट समोर धरला की त्याचे झोत आणि खंड मोजून तो जसेच्या तसे साठवतो. अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी असलेली चार-पाच बटणेही अशीच शिकतात. याचा फायदा मोठा: यादीत नसलेले, कुठलेही अनोळखी उपकरण चालते. तोटा तेवढाच मोठा: अर्थ न कळता केलेली ही नक्कल असते. काही चांगले रिमोट शिकलेला संकेत ओळखून त्याचा प्रोटोकॉल ठरवतात आणि पुढे स्वतःच्या भाषेत पाठवतात. आमच्या मते घेताना पाहायची खरी गोष्ट हीच आहे. वेष्टनावर किती उपकरणे चालतात याचे छापलेले आकडे शेवटी पाहावेत.

चौथा प्रकार संगणकावरून प्रोग्राम करायचा. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या अनेक रिमोटांत, ‘वन फॉर ऑल’ नावाने विकल्या जाणाऱ्यांतही, बॅटरीच्या कप्प्यात सहा पिनांची जोडणी असते. हौशी मंडळी तिला जेपी-१ म्हणतात. केबल लावून ‘रिमोटमास्टर’ या मोफत सॉफ्टवेअरने हवे ते उपकरण, हवे ते बटण भरता येते. लॉजिटेकने हार्मनी रिमोटचे उत्पादन २०२१ मध्ये थांबवले. त्यांची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असल्याने जुना हार्मनी विकत घेताना हा धोका ध्यानात ठेवावा.

पाचवा वायफायवरचा आयआर ब्लास्टर, म्हणजे खोलीत इन्फ्रारेड संकेत फेकणारी छोटी डबी. मोबाइलवरून चालतो, पण कंपनीच्या क्लाउडवरच चालणारा असेल तर पावसाळ्यात इंटरनेट गेले की तोही गेला. घरच्या वायफायवर, इंटरनेटशिवाय चालणारा घ्यावा किंवा स्वतः बनवावा. तो कसा, ते पुढे आहे.

यांपैकी बहुतेकांना न जमणारी गोष्ट म्हणजे ब्लूटूथ किंवा रेडिओवर चालणारे रिमोट. स्ट्रीमिंग स्टिकच्या रिमोटने टीव्हीचा आवाज बदलतो तो भाग इन्फ्रारेडचा, पण स्टिकशी त्याचे बोलणे ब्लूटूथवर चालते. कॅमेऱ्यासमोर धरा. बटण दाबल्यावर चमक दिसली नाही तर ते बटण शिकवता येणार नाही.

शिकवण्याची रीत

दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला. टेबलावर तोंडाला तोंड लावून, दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवा. उंची सारखी हवी, नाहीतर पातळ रिमोटखाली वही सरकवा. सीएफएल आणि ट्यूबलाइट बंद करा, कारण त्यांच्या इलेक्ट्रॉनिक चोकमुळे प्रकाश तीस-चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास थरथरतो आणि नकलेत कचरा मिसळतो. बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा खिडकीपाशी उन्हातही हे काम करू नका.

पुढचे टप्पे बहुतेक रिमोटांत असेच असतात. ‘सेट’ बटण दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून ठेवायचे, सुमारे तीन सेकंद. मग जे बटण शिकवायचे ते दाबायचे, दिवा लुकलुकतो. मग मूळ रिमोटचे बटण टिचकीसारखे दाबून सोडायचे. दिवा ठरावीक वेळा चमकला की शिकले. पुढचे बटण घ्यायचे, शेवटी ‘सेट’ दाबून जतन करायचे. एनईसी घराण्यात बटण दाबून धरले तर संदेशामागोमाग पुनरावृत्तीची खूणही साठते आणि मग एका दाबण्यात आवाज दोन-तीन पायऱ्या उडी मारतो. सोनीचे मात्र उलट आहे, तिथे सेकंदभर दाबून ठेवलेले बरे. दर चार-पाच बटणांनंतर उपकरणावर तपासून घ्या. रिमोटची जागा हलली असेल तर चाळीस बटणे शिकवल्यावर कळण्यापेक्षा ते आधी कळावे.

लक्षणांवरून कारण असे ओळखावे. ५ दाबल्यावर ५५ उमटते: रिमोट पुनरावृत्तीच्या खुणेऐवजी पूर्ण संदेशच पुन्हापुन्हा पाठवतो आहे. आवाजाचे बटण धरून ठेवले तरी एकच पायरी वाढते: पुनरावृत्ती साठलीच नाही. एकाआड एक दाबणे वाया जाते, किंवा तोच आकडा दोनदा लागत नाही: टॉगल गोठला आहे. यावर तात्पुरता उपाय आहे. मूळ रिमोटचे बटण एकदा शिकवा, मग मध्ये काही न दाबता तेच बटण वेगळ्या बटणावर शिकवा, या दुसऱ्या दाबण्यात टॉगल उलटलेला असतो. ११ साठी दोन्ही बटणे पाठोपाठ दाबायची. कायमचा उपाय म्हणजे आरसी-५ जाणणारा कोडयादीचा रिमोट.

नकलेची नक्कल करू नये. रिसीव्हर झोताची लांबी थोडी वाढवून आणि खंडाची तेवढीच कमी करून दाखवतो. एका पिढीत हा फरक खपतो, पण शिकलेल्या रिमोटवरून दुसरा शिकवला की चुका साचतात.

एसीचे गणित वेगळे

टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट दर दाबण्याला सगळी स्थिती सांगतो: चालू की बंद, कूल की ड्राय, तापमान किती, पंखा कोणत्या वेगावर, झडपा हलत्या की स्थिर. शेवटी या सगळ्याची बेरीज तपासणारा बाइट असतो. रिमोटच्या पडद्यावरचे २४ हे रिमोटच्या स्मृतीतले असते, एसी त्याला काहीही परत कळवत नाही. म्हणून शिकणाऱ्या रिमोटला एसीचे ‘तापमान वाढवा’ बटण शिकवणे निरर्थक आहे. शिकवताना पडद्यावर २४ वरून २५ झाले असेल, तर ते बटण कायम २५ च पाठवत राहील.

शिकवायच्या त्या पूर्ण स्थिती. एक बटण ‘२४, कूल, पंखा ऑटो’, दुसरे ‘२७, कूल, पंखा मंद’ रात्रीसाठी, तिसरे ‘ड्राय’ (जुलैतल्या दमट हवेत हेच जास्त लागते) आणि चौथे ‘बंद’. काही एसींत चालू आणि बंद यांचा संदेश एकच असतो आणि एसी फक्त स्थिती पालटतो. तिथे ‘बंद’ दोनदा दाबले की एसी पुन्हा सुरू होतो.

एसीचा संदेश लांब असतो, काही कंपन्यांचा तर दोन-तीन तुकड्यांत जातो. टीव्हीसाठी बनवलेल्या शिकणाऱ्या रिमोटाच्या स्मृतीत तो मावत नाही. शिकल्याची खूण दिसते, पण एसी ऐकत नाही. अशा वेळी कोडयादीचा एसी रिमोट घ्यावा. ‘सेट’ दाबून ठेवले की कोडचे आकडे एकेक पुढे सरकतात. एसीने बीप केले की लगेच थांबवायचे. त्यानंतर तापमान, पंखा आणि झडपा तिन्ही तपासल्याशिवाय कोड पक्का धरू नये.

घरी तपासणीची मांडणी

ईएसपी ८२६६ चा छोटा बोर्ड (वायफाय असलेला, प्रोग्राम करता येणारा), एक टीएसओपी ३८२३८ इन्फ्रारेड रिसीव्हर, एक ९४० नॅनोमीटरची एलईडी, बीसी ३३७ ट्रान्झिस्टर, ३३ आणि ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर, एवढ्या सामानात कोणत्याही रिमोटचे बोलणे वाचता येते आणि पाठवताही येते.

रिसीव्हर लावताना सावध राहा. फुगीर बाजू आपल्याकडे धरली तर टीएसओपी ३८२३८ च्या पिना डावीकडून आउटपुट, ग्राउंड, सप्लाय अशा असतात. जुन्या टीएसओपी १७३८ चा क्रम ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असा आहे. दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो आणि उलटी जोडणी झाली की रिसीव्हर तापून जातो. शिवाय १७३८ ला ५ वोल्ट लागतात, ३८२३८ हा बोर्डाच्या ३.३ वोल्टवर चालतो. आउटपुट बोर्डाच्या डी-५ पिनेला जोडा. सप्लायच्या वाटेत १०० ओहम आणि पिनेजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर खोटे संकेत कमी होतात.

पाठवण्यासाठी: डी-२ पासून ४७० ओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एलईडीच्या ऋण टोकाला, आणि एलईडीचे धन टोक ३३ ओहममधून ५ वोल्टला. यातून सुमारे १०० मिलिअँपचे झोत जातात. बीसी ५४७ ची मर्यादाच १०० मिलिअँप आहे, म्हणून तो नको. डी-३, डी-४, डी-८ या पिनांवर बोर्ड सुरू होण्याची रीत ठरते, त्या टाळा. पिन अडकून एलईडी सतत पेटली राहिली तर रेझिस्टरवर ०.३३ वॅट पडतात आणि पाव वॅटचा रेझिस्टर भाजतो.

बोर्ड प्रोग्राम करायच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरमध्ये ‘आयआर-रिमोट-ईएसपी ८२६६’ लायब्ररी घाला, त्यातला संकेत वाचून दाखवणारा ‘डंप’ नमुना बोर्डात भरा आणि सीरियल मॉनिटर १,१५,२०० बॉडवर उघडा. बटण दाबले की प्रोटोकॉल, पत्ता, कमांड आणि झोत-खंडांची मोजमापे दिसतात. एसी वाचताना संदेश अर्धाच येत असेल तर टाइमआउट १५ वरून ५० मिलिसेकंद करा, नाहीतर दोन तुकड्यांमधल्या खंडालाच तो संदेशाचा शेवट समजतो. प्रोटोकॉल ‘अज्ञात’ आला तर तेच बटण पाच वेळा वाचा. मोजमापे दर वेळी वेगळी आली तर गोंगाट आहे, सारखी आली तर खरोखरच अनोळखी पद्धत आहे.

या मांडणीवर दोन रिमोट ताडून पाहता येतात. मूळ आणि युनिव्हर्सल रिमोटचे तेच बटण दोन सेकंद धरा. एनईसीत एक पूर्ण संदेश आणि सुमारे १८ खुणा यायला हव्यात. आरसी-५ मध्ये दोनदा दाबून टॉगल उलटतो का पाहा. मग खोलीच्या एका टोकाला रिसीव्हर ठेवून दूर जात जा, नंतर तिरपे धरून पाहा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, त्यामुळे दोन एलईडींचा रिमोट दुप्पट लांब पोचत नाही, जेमतेम १.४ पट पोचतो.

लुकलुकीचा वेग मात्र टीएसओपीतून कळत नाही, कारण तो गाळूनच पुढे देतो. त्यासाठी बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड उलटा जोडून १० किलोओहमवरचा संकेत लॉजिक ॲनालायझरवर (संकेताची उघडझाप वेळेनुसार दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहावा, रिमोट दोन सेंटिमीटरवर धरून. एक लुकलुक २६.३ मायक्रोसेकंदांची असेल तर ३८ किलोहर्ट्झ, २७.८ ची असेल तर ३६, २५ ची असेल तर ४०. स्वस्त शिकणारे रिमोट हा वेग न मोजता सगळेच ३८ वर पाठवतात. सोनीचा टीव्ही जवळून ऐकतो आणि सोफ्यावरून ऐकत नाही, याचे हे एक नेहमीचे कारण.

सेल लवकर संपत असतील तर बंद स्थितीतला प्रवाह मोजा. मीटर मायक्रोअँपच्या रेंजमध्ये सेलच्या वाटेत घाला आणि त्या वेळी बटण दाबू नका, कारण मीटरच्याच रोधामुळे रिमोट रीसेट होतो. काही मायक्रोअँप ठीक. १०० असतील तर ५०० मिलिअँप-तासांचा साधा सेल सात महिन्यांत रिकामा.

गोव्यात यात दमट, खारट हवेची भर पडते. स्प्रिंग गंजते, रबराखालच्या कार्बनवर चिकट थर येतो आणि बटण जोरात दाबावे लागते. पावसाळा संपला की रिमोट उघडून सर्किटची पट्टी आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसावे. घासू नये, कार्बन निघून येतो. अल्कलाइन सेलची पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने निघते. साधा झिंक-कार्बन सेल गळला असेल तर खायच्या सोड्याचे पाणी वापरावे, मग अल्कोहोलने पुसून सुकवावे. सेल काढण्याआधी शिकवलेल्या रिमोटची स्मृती सेलशिवाय टिकते का, हे एक-दोन बटणे शिकवूनच पाहून ठेवा. टिकत नसेल तर प्रत्येक बटणाचा प्रोटोकॉल, पत्ता आणि कमांड वहीत उतरवून मगच सेल बदला.